मशीन मास्तरानं फोडलेली खूण

मशीन मास्तर भिंतीला जाऊन धडकायचा, आणि त्यासाठी त्याला पगार मिळायचा. ही गोष्ट मी ज्याला सांगतो त्याला वाटतं, मी रागानं वाढवून सांगतोय. राग मला आहे, पण भिंत खरी होती. साखर कारखान्याच्या शाळेच्या मागच्या अंगाला, जिथं बिनगिलाव्याची वीट दिसते, तिथं त्याच्या कपाळाच्या उंचीवर विटेचा रंग गुळगुळीत झाला होता असं पोरं म्हणायची. तेवढं मी खरं धरत नाही.

वर्ग असा चालायचा. तिसरीची पोरं ओळीनं उभी. मास्तर मधोमध, हात अंगाला चिकटवून, डोळे समोर. "मी मशीन आहे. मला काय करायचं ते सांगा," म्हणायचा. एखादी पोरगी ओरडायची, "पुढं चला!" की निघालं मशीन. थांबा म्हणायचं पोरगी विसरली की मशीन भिंतीवर. पोरं हसून लोळायची. हा कपाळ चोळत वळायचा आणि सांगायचा, "मशीनला अक्कल नसते, बाळांनो. अक्कल तुम्ही द्यायची." मग पोरं शिकली, "भिंत लागेपर्यंत चला, भिंत लागली की वळा." अशी वाक्यं पाठ करायला ती शाळेत जायची आणि त्यांचे बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे. मी शाळेच्या कुंपणाशी सायकल लावून हा तमाशा एकदा पुरता बघितला. मला वाटलं, "अक्कल नसते" एवढं या माणसाच्या बाबतीत खरं आहे.

तो पुण्याकडचा, एम.एस्सी. झालेला. चेअरमनसाहेबांना कुणीतरी मुंबईत सांगितलं होतं की यापुढं सगळा कारभार कॉम्प्युटरवर चालणार, म्हणून साहेबांनी आधी मास्तर आणला. मशीन पुढच्या हंगामात येणार होतं. पण विहिरी आटल्या, ऊस वाळला. ऊस नाही म्हणून हंगाम नाही, आणि हंगाम नाही म्हणून मशीन नाही. दुसरा कुणी असता तर सही करून खुर्चीत बसला असता. हा स्वतःच मशीन झाला. गावानं नाव ठेवलं ते त्याला लागलं नाही, उलट आवडलं. पाटीवर लिहून ठेवलं असतं तरी त्यानं पुसलं नसतं.

शहाणपण शाळेत सांडून उरलं की तो ते गावात घेऊन यायचा. टँकरच्या रांगेत तो एकदा बायकांना समजावून सांगत होता. ज्यांची भांडी लहान त्यांनी आधी भरायचं, मोठ्या हंड्यावाल्यांनी शेवटी. म्हणजे सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं. त्यानं काठीनं मातीत आकडे काढून दाखवले. द्वारकाबाई डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्यापुढं उभी राहिली.

"मास्तर, माज्या घरी धा माणसं हायती, म्हणून माजा हंडा मोटा. म्या शेवटी उभी राहू व्हय?"

"शेवटी, पण एकूण वेळ..."

"आन तवर टँकर आटला मंजी?"

मास्तर आकड्यांकडं बघत राहिला. आकड्यांत टँकर आटत नव्हता.

"तुमचं मशीन एकटंच ऱ्हातंय वाटतं," द्वारकाबाई म्हणाली. "धरा हिकडं, हंडा उचलू लागा." तो उचलू लागला. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी रांगेच्या टोकाला हंडे उचलायला उभा राहायचा. ते काम त्याला जमायचं. तेवढंच केलं असतं तर आज मी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले असते.

भाव करणं त्याला ठाऊकच नव्हतं. वांगी विकणारी जो आकडा सांगेल तो हा पिशवी पुढं करून द्यायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "मास्तर, अर्ध्यावर तोडा की." तर म्हणतो, "बाबूराव, मी कमी सांगितलं तर त्यांना वाटेल मी त्यांना खोटं समजतो." माझा जन्म गेला भाव करण्यात. लोकांची गुरं राखण्यापासून मी सुरुवात केली. मग बाजारात जनावरांना पाणी पाजलं, मग दलालांच्या चिलमी भरल्या, आणि एक दिवस माझं स्वतःचं उपरणं पसरलं. माझ्या आयुष्यभराच्या विद्येला हा माणूस एका वाक्यात शिवी घालून वांगी घेऊन गेला. वांगी किडकी निघाली असणार.

आता उपरण्याचं सांगतो. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं होत नसे. विकणारा आणि दलाल हात हातात घेत, वरून उपरणं टाकत, आणि बोटांनी बोलत. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, आख्खा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार ते आधी ठरलेलं असे. समोरच्याला नीट कळलं का याची खात्री म्हणून त्यानं तीच बोटं परत दाबून दाखवायची. एवढं सगळ्या बाजाराला माहीत होतं. पण आम्हा दलालांची आपसात आणखी एक खूण होती. मी एका शेतकऱ्याशी बोलून उठलो, की पुढच्या दलालाला रामराम करताना उपरण्याखाली त्याच्या मनगटावर अंगठ्यानं दाब द्यायचा. दाबला, म्हणजे या माणसाची वैरण संपलीय, हा आज जनावर विकल्याशिवाय घरी जात नाही. नाही दाबला, म्हणजे हा थांबू शकतो. दाब मिळाला की पुढचा कुणी भावात वर चढायचा नाही.

यावर आता पोरंटोरं मला पाप-पुण्य शिकवतात. मी त्यांना सांगतो, समोरच्याची गरज ओळखणं हाच धंदा आहे. शेतकऱ्याला माझी गरज दिसली तर तोही मला सोडत नाही, आणि सोडूही नये. ती खूण मला इमामचाचांनी दिली, तीही त्यांच्या मागं अनेक बाजार हिंडल्यावर. चाचा आमच्या बाजारातले सगळ्यात जुने दलाल. त्यांनी देताना एवढंच म्हटलं होतं, "बाबू, ये अपने घर की बात है."

मास्तर एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. माझी सुमन तेव्हा त्याच्याच वर्गात. त्याला कुणीतरी उपरण्याखालच्या बोटांचं सांगितलं होतं आणि तो अगदी फुलून आला होता. म्हणाला, मशीनही असंच बोलतं, खुणांनी. मुलांना हे हातानं शिकवलं तर जन्मभर विसरणार नाहीत. मी बोटं दाखवली. परत दाबून खात्री करायची पद्धत सांगितली तेव्हा तर तो उभाच राहिला. "हेच! बाबूराव, हेच! ऐकणाऱ्यानं परत सांगायचं!" मग बसला आणि विचारलं, "आणि एकाच स्पर्शात आणखी काही सांगायचं असेल तर?"

फुकट काही द्यायची मला सवय नाही.

"त्याच्या बदल्यात काय देनार?" मी विचारलं.

"माझ्याकडं काय आहे?"

"मशीन आल्यावर त्याला पैला हात माज्या पोरीचा. चेअरमनच्या नातवाचा न्हाई, सायबाच्या पोराचा न्हाई. सुमनचा."

"कबूल," तो म्हणाला. भाव न करता. मला तिथंच सावध व्हायला हवं होतं म्हणणाऱ्या लोकांनी सौदा कधी केलेला नसतो. सौद्यात दोन्ही बाजूंनी शब्द गेला की संपलं. मी त्याच्या मनगटावर अंगठा दाबला, अर्थ सांगितला आणि बजावलं, "मास्तर, ही खूण शाळेच्या भिंतीभाईर जाता कामा नये."

"नाही जाणार," म्हणाला.

शाळेला भिंती होत्या. पोरांना नव्हत्या. पोरं पाच वाजता घरी जातात, हे ज्या माणसाला कळत नाही त्याला एम.एस्सी. कुणी केलं?

आठवडाही झाला नसेल. मी जेवायला बसलो होतो. सुमन मागून आली, माझा डावा हात तिनं आपल्या परकराच्या ओच्यात घेतला आणि मनगटावर अंगठा दाबला. "आबा, तुमाला घाई हाय!" म्हणून खिदळली.

घास माझ्या हातात राहिला. "कुनी शिकवलं गं?"

"मास्तरांनी. एक खूण, दोनच उत्तरं. हाय न्हाईतर न्हाई. समद्या मशीनची विद्या त्याच्यावरच हाय म्हनं."

"समद्या वर्गाला आलं का हे?"

"व्हय की. चौथीच्या पोरांनीबी घेतलं आमच्याकडनं."

"आन कशाची खून हाय ते?"

"ते बी सांगितलं. इकनाऱ्याला घाई हाय का न्हाई त्याची. दलाल लोक करत्यात म्हनले." मग तिनं जरा थांबून विचारलं, "आबा, तुमी बी करता का?"

तिची आई चुलीपुढून म्हणाली, "गप जेवू दे त्यान्ला." मी जेवलो नाही.

पुढच्या बाजाराला मी पहाटेच गेलो. वैरण कुणाकडंच नव्हती, त्यामुळं जनावरं भरपूर. आमच्याच गावचा नामदेव तात्या खोंड घेऊन उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा खोंड. मी उपरणं टाकलं, त्याचा हात घेतला. त्याचं बोट माझ्या बोटांकडं आलंच नाही. त्यानं माझं मनगट धरलं आणि अंगठ्यानं जोरात दाबलं. पुन्हा दाबलं. तोंड मात्र सरळ.

"काय बाबूराव," मोठ्यानं म्हणाला, "आज सौदा केल्याबिगर घरला जाता येत न्हाई वाटतं तुमास्नी?"

शेजारचे चार शेतकरी हसले. मग त्यांच्या शेजारचे. ते हसणं बाजारात वैरणीच्या वणव्यासारखं पसरलं. दुपारपर्यंत जो दलाल उपरणं टाकील त्याच्या मनगटावर शेतकऱ्याचा अंगठा. आमच्यातले दोघं तर आपसात रामराम करायलाही घाबरले, हात पुढं आला की लोक ओरडायचे, "दाबा दाबा, लाजू नका!" एका बाईनं आपली गाय खुंट्याला बांधली, स्वतःचाच पदर टाकला आणि दलालाला म्हणाली, "या भाऊ, आता म्या दाबते, तुमी सांगा." संध्याकाळी बरीच जनावरं न विकता माघारी गेली. त्यांना पुढं चारा छावणीत नेलं असेल किंवा नसेल. ते मला माहीत नाही आणि मला त्याचा जाब कुणी विचारूही नये. माझं काय झालं ते मी सांगतोय.

दिवस कलताना इमामचाचांनी मला बोलावलं. भोवती बाकीचे दलाल उभे होते. मास्तर माझ्या ओट्यावर बसलेला सगळ्यांनी बघितला होता, त्यामुळं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी चाचांनी विचारलं.

"घर की बात मदरसे में कौन ले गया, बाबू?"

मी म्हणालो, "चाचा, शब्द घेतला होता त्याच्याकडून."

"हौ. और मैं तेरे से लिया था." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला, घडी घातली. आवाज चढवला नाही. "आज के बाद मेरे रुमाल में तेरा हात नक्को."

एवढंच. शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाकीच्यांनी एकेकानं आपापलं उपरणं खांद्यावर टाकलं आणि पाठी फिरवल्या. पुढच्या बाजाराला मी उपरणं पसरून बसलो. शेतकरी लांबून हसून गेले आणि दलाल न बघता गेले. त्याच्या पुढच्या बाजाराला मी गेलो नाही.

शाळेवर मात्र गेलो होतो. चाचांनी रुमाल झटकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वर्ग चालू असताना दार लोटून आत. पोरांसमोर बोललो, काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. मास्तर खडू हातात धरून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबूराव, मी तुमचं नाव नाही सांगितलं कुणाला."

"नाव सांगायला पायजे होतं का? खूनच सांगितली की!"

"मुलांनी विचारलं, ही खूण कशाची. खुणेला अर्थ नसेल तर ती खूण नाही, नुसता दाब आहे. मी त्यांना खोटं काय सांगू?"

"कायबी सांगा! पाऊस येनार हाय का न्हाई त्याची म्हना! वांगं किडकं हाय का न्हाई त्याची म्हना!"

तो विचार करायला लागला. खरंच सांगतो, माझ्यासमोर उभा राहून तो माणूस विचार करायला लागला, आणि मग चेहरा उजळून म्हणाला, "पावसाची चांगली होती. मला सुचलं नाही." मी त्याला मारलं नाही, ते समोर सुमन बसली होती म्हणून. ती रडत होती. माझ्यामुळं की त्याच्यामुळं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर मी उमरग्याला गेलो. हायवेवर ट्रकचे जुने टायर घेऊन विकायचा धंदा उघडला. तिथं उपरण्याची गरज नव्हती, घसा लागायचा, तो माझ्याकडं होता. धंदा जमला. कुणाच्या मेहरबानीनं नाही. कारखान्याला ऊस मिळू लागल्यावर मशीन आलं. ते आलं त्याच महिन्यात मास्तराला नारळ मिळाला आणि चेअरमनसाहेबांचा पुतण्या त्याच्या जागी बसला. मशीन ऑफिसात ठेवलं, वरून मखमली झाकण. सुमनचा हात त्याला लागला नाही, पहिला नाही आणि शेवटचाही नाही. म्हणजे माझा माल गेला आणि बदल्यात कबूल केलेलं आलंच नाही. तो म्हणेल, त्यात त्याचा काय दोष? त्याचा दोष असा की कबूल म्हणताना त्याच्या हातात काही नव्हतं आणि ते त्याला माहीत नव्हतं.

जाताना तो उमरग्याला गाडी बदलायला उतरला आणि पत्ता विचारत माझ्या दुकानावर आला. एक ट्रंक, एक वळकटी. टायरच्या ढिगावर बसला. मी चहा सांगितला. दारात आलेल्या माणसाला चहा सांगावा लागतो, त्याला मी काय करू? त्यानं दुकान निरखून बघितलं. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. मी काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवत होतो.

तो म्हणाला, "बाबूराव, मी तुमच्या गोष्टीचा बराच विचार केला. खुणा फुटतातच. जगात सगळ्या ठिकाणी फुटतात. फुटली की बदलायची असते. तुम्ही लोकांनी अंगठ्याच्या जागी करंगळी का नाही घेतली? एका बाजाराचं काम होतं."

इतक्या दिवसांनी हा माणूस मला माझ्या धंद्यातली चूक समजावून द्यायला आला होता. आणि तोंडावर तोच भाव, जो पोरीनं थांबा म्हटलं नाही की कपाळ चोळताना असायचा.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझा आवाज चढलाच नाही. त्याचा मला आजही राग येतो. मी म्हणालो, "मास्तर, खून बदलता येती. करंगळी माजीच हाय, उद्या बदलतो. पर ज्याच्या हातात ती द्यायची, तो हात कुटून आनू?"

कप हातात धरून तो बसून राहिला, चहावर साय धरली. स्टँडवरून गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यानं ट्रंक उचलली. वळकटी राहिली, ती मी उचलून गाडीपर्यंत नेली, कारण नाहीतर तो विसरून गेला असता आणि ती मला सांभाळावी लागली असती.

"हे मला शिकवायला पाहिजे होतं," पायरीवर उभा राहून म्हणाला.

"कुनी? म्या?"

"मी. मुलांना."

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला आणि माझ्या दिशेनं धरून ठेवला. गाडी सुटेपर्यंत तसाच धरून ठेवला होता, कुणी सांगितल्याशिवाय आत घ्यायचाच नाही असा. मी तो घेतला नाही. टायर घेणारं गिऱ्हाईक दुकानावर उभं होतं.